नाव पुसलं, बाई दिसतेच

लेख स्वीकारला गेला होता. नियतकालिकाची एकच अट उरली होती, डेटा सगळ्यांसाठी खुला करायचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण. कितीजणींची गर्भपिशवी काढली, कोणत्या वयात, कुठे. नावं, फोन नंबर मी कधीच उडवले होते. एथिक्स कमिटीची मंजुरी फायलीत. निर्धास्त होते.

आमचा फील्डवरचा मुलगा मागे चहा पीत उभा होता. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, ही तर आमच्या वाडीतली."

वाडी, वय, लेकरं किती, ऑपरेशन कोणत्या साली, कोयता (ऊसतोडीची जोडी) दिरासोबत. (तपशील इथे बदललेत.) एवढ्याशा वाडीत अशी दुसरी बाई कुठून असणार?

संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी 1990च्या दशकात अमेरिकेत नावं पुसलेल्या डेटातून पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची वैद्यकीय नोंद शोधून काढली, हा किस्सा मी प्रत्येक प्रशिक्षणात रंगवून सांगते. त्यांना जुळवायला निदान मतदारयादी विकत घ्यावी लागली होती!

मग संमतीपत्रं काढली. 'माहिती गोपनीय राहील.' ती खुली करण्याबद्दल अवाक्षर नाही. कमिटीने मंजूर केलं होतं ते हेच. खरा घाम पुढे फुटला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. आमच्या बऱ्याच कागदांवर ती टोळी नेणाऱ्या मुकादमाची होती. ज्याची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर, त्याच्यासमोर बाई नाही म्हणेल? आणि हे कागद तपासून गठ्ठे मीच बांधले होते.

अपलोड थांबवलं. वाडीच्या जागी तालुका, वयाचे पाच-पाच वर्षांचे गट, कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज. पुन्हा संमती घ्यायची तर टोळ्या कारखान्यांवर गेलेल्या. हंगाम संपेपर्यंत थांबलो. उन्हाळ्यात नवा कागद घेऊन गेलो, साक्षीला अंगणवाडीताई. काहींनी सरळ नाही म्हटलं. एका मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव काढलं म्हंता, मग लेकरं किती ते कशाला ठिवलं?"

विश्लेषणासाठी, हे उत्तर तयार होतं. तोंडातून निघालं नाही.

खुल्या फायलीतून तो रकाना गेला. परीक्षकांनी पुढे विचारलंच, का गाळला म्हणून.