अर्धा हात उशीर

रविवार, रात्रीचे १०

आज तलावावर माझ्याकडून टॅप उशिरा पडला. जेमतेम अर्ध्या हाताचा उशीर. धाकट्याची बोटं भिंतीवर आदळली, दोन पेरं सोलवटली. "काही नाही गं ताई, परत करू," म्हणाला आणि लगेच निघालासुद्धा. माझे हात मात्र घरी पोळ्या लाटतानाही थरथरत होते.

टॅपरचं, म्हणजे न दिसणाऱ्या पोहणाऱ्याला भिंत आल्याची खूण देणाऱ्याचं, काम सांगायला सोपं आहे. लांब काठी, टोकाला टेनिसचा चेंडू. पोहणारा भिंतीपाशी आला की चेंडू त्याच्या डोक्याला किंवा पाठीला एकदा टेकवायचा. दृष्टिदोष असलेल्या जलतरणपटूंचे तीन वर्ग असतात, एस ११, १२ आणि १३. सगळ्यात कमी दिसणाऱ्यांच्या एस ११मध्ये दोन्ही टोकांना टॅपर लागतोच, आणि काळा केलेला गॉगलही सक्तीचा. कुणाला थोडा उजेड कळतो, कुणाला तेवढाही नाही. गॉगल चढला की सगळ्यांना सारखाच अंधार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा नियम मला दुष्टपणाचा वाटला होता. आज त्याहून न्याय्य दुसरा सुचत नाही.

फ्रीस्टाइलला गोलांटी घ्यायची असते, म्हणून टॅप जरा आधी. ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात. म्हणजे हात पुढे ताणलेले असतानाच भिंत यायला हवी, आणि टॅप त्या हिशोबाने पडायला हवा. चुकले ती इथेच. तसा तो स्ट्रोक मोजतो, दंडाला लेनची दोरी घासली की सरळ होतो. पण दमला की हात आखूड पडतात आणि मोजणी फसते. शेवटच्या काही मीटरांत तो आकड्यावर नाही, माझ्यावर विसंबून असतो. तरीही वेग कमी करत नाही.

नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलीचं सुवर्ण जिंकलं. ती बातमी कितीदा वाचली असेल मी! आज वेगळाच हिशोब मांडत बसले. ५० मीटरच्या तलावात चार फेऱ्या, चार शैली, म्हणजे चार टॅप, दोन या टोकाला, दोन त्या टोकाला. त्या काठ्या धरणारे हात कुणाचे होते?

पेरांना हळद लावून दिली. तो झोपलाय, गॉगल उशाशी. चेंडू सैल झालाय, तो घट्ट बांधून ठेवते. सहाला तलाव उघडतो.