सातबाऱ्यावर व्हिसा मिळत नाही

शेतकऱ्याच्या घरात परदेशी सहलीचा देश नकाशा पाहून ठरत नाही, बँकेचं पासबुक पाहून ठरतो. किती पैसे आहेत हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ते कधी आले आणि कधी गेले.

मुलीच्या डोक्यात जपान होतं. तिने मोबाइलवर कागदांची यादी काढली. त्यात आयटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, नोकरीचा दाखला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्न भरायची वेळ कधी आली नाही. नोकरी घरात कोणालाच नाही. राहिलं स्टेटमेंट. आमचं खातं डिसेंबर-जानेवारीत कापूस विकला की भरतं आणि बियाणं-खत घेता घेता जूनला पार कोरडं पडतं. मग पीककर्ज. दूतावासातल्या साहेबाने हे पाहिलं तर त्याला वाटायचं, या बाईने व्हिसापुरते कोणाचे तरी पैसे आणून ठेवले आणि परत देऊन टाकले.

यांनी कपाटातून सातबारा काढून माझ्यासमोर ठेवला. "याच्याहून मोठा पुरावा कोणता पाह्यजे त्यायले? वावर सोडून पयून जाईन का मी?"

मला हे पटलं. ही सगळी कागदपत्रं मागतात ती माणूस परत येईल की नाही हे पाहायला. आणि वावरात तूर उभी असलेल्या माणसाइतका परत येण्याच्या घाईत दुसरा कोण असतो! गावाबाहेर दोन रात्री काढल्या की यांना मोटार चालू राहिली की काय, डुकरं शिरली की काय, असं होतं. पण हे लिहायला कोणत्याच फॉर्मात रकाना नाही.

मग कागद कमी मागणारा देश शोधणं सुरू झालं. नेपाळला तर मतदार कार्डावरही जाता येतं. पण मुलगी म्हणाली, पासपोर्ट काढायचा आणि त्यावर शिक्काही नको, मग काढायचा कशाला? शेवटी व्हिएतनाम ठरलं. तिथला ई-व्हिसा घरबसल्या निघतो, फी २५ डॉलर, आणि रिटर्नचं नाव नाही. मुलीला तिथल्या होई आन या जुन्या शहरातले कंदील पाहायचे होते. यांना मेकाँग नदीच्या मुखाकडची भातशेती पाहायची होती, कारण आम्ही कापूसवाले. धान पाहायला आम्हाला भंडारा-गोंदियाकडे जावं लागतं.

पासपोर्टचं काम नागपूरला. माणशी १५०० रुपये, आणि साठीच्या पुढे असाल तर दहा टक्के सूट. हे ऐकून सासूबाई खुलल्या. एसटीत त्यांना अर्धं तिकीट लागतं, म्हणून त्यांचा पुढचा प्रश्न लगेच आला, "अन् विमानात?"

त्यांचं नाव मतदार कार्डावर 'बाई' लावून, आधारवर 'बाई' न लावता. सासऱ्यांचा, यांचा आणि मोठ्या दिरांचा वाढदिवस एकाच दिवशी, १ जूनला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती आयुष्यभर चालली. आमच्या पिढीपर्यंत गावात निम्मी माणसं १ जूनचीच निघतील. नातवंडांचं तसं नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्याला पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागतो. गुरुजींचं ते काम संपलं.

नागपूरला आमची बोटं, फोटो, कागद सगळं झालं आणि वाटलं, सुटलो. पण पोलीस पडताळणी राहिली होती. ठाण्यातून शिपाई मोटरसायकलवर आला, आमच्या ओट्यावर बसला, चहा प्यायला, कागद पाहिले आणि गेला. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. पण संध्याकाळी दळणाच्या चक्कीवर मला तिघींनी गाठलं. "काहून जी वहिनी, पोलीस आले होते म्हणे?" पासपोर्टचं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. भावाभावांत वाटणीवरून वाद झाला, हेच त्यांना जास्त पटत होतं. विदेशात जायला पोलीस लागतो हे गावाला पटवता पटवता माझं पीठ थंड झालं.

फोटोचं प्रकरण मात्र सांगण्यासारखं आहे. व्हिएतनामच्या फॉर्मला चष्म्याशिवाय, सरळ समोर पाहणारा फोटो लागतो. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने माझा फोटो काढला, कॉम्प्युटरवर ओढला, आणि विचारायच्या आत माऊसने माझ्या हनुवटीवरचा तीळ पुसून टाकला. मग गालावर काहीतरी फिरवलं. मी पाहतच राहिले. पडद्यावर माझी कोणीतरी शहरातली मावसबहीण बसली होती. "थोडं गोरं ठेवू ना ताई?" त्याला म्हटलं, भाऊ, मला लग्न नाही जमवायचं, विमानतळावर तपासायला उभं राहायचं आहे. त्याने तीळ परत आणला, पण नाराजीने. सासूबाईंनी चष्मा काढायला साफ नकार दिला होता, "डोयाले दिसलं नाही तर फोटो बराबर आला का हे मले कसं समजन?"

फॉर्ममध्ये कोणत्या विमानतळावर उतरणार, कोणत्या हॉटेलात राहणार, कोणत्या तारखेला शिरणार, हे सगळं आधी लिहायचं. पहिली दोन उत्तरं मुलीने दिली. तारखेवर गाडी अडली. तूर कधी निघेल, हरभऱ्याला मळणीयंत्र कधी मिळेल, हे ज्याला सांगता येत नाही त्याने विमानाची तारीख कशी सांगावी? पण १५ ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मागता येतो, आधी तो ३० दिवसांचा होता. ही एक गोष्ट शेतकऱ्यासाठीच केली असावी असं वाटतं. आम्ही १५ मार्च ते १२ जून असा मागितला. त्या पट्ट्यात कधीही जा.

बाकी तयारी चालू आहे. तिकडे बऱ्याच पदार्थांत माशाचं सॉस असतं असं कळल्यापासून सासूबाईंनी जवसाची चटणी कुटून बरणीत भरली आहे. गाय दिरांकडे राहील. मार्चअखेर जायचं म्हटलं तर गहू निघायचा. एप्रिलमध्ये नणंदेच्या मुलाचं लग्न निघालं, मांडव सोडून कोण जातं! मे राहिला. मेमध्ये तिकडेही ऊन आहे, पण आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा आम्हाला ते ऊन काय दाखवणार?

व्हिसा ईमेलवर आला. मी दोन प्रिंट काढून आणल्या. यांनी चष्मा लावून दोन्ही तारखा वाचल्या आणि म्हणाले, "१२ जून कायले मांगितलं? सातलेच तं मृग लागते."