ॲडमिन नसलेला ग्रुप

"तुला माणसं दिसत नाहीत रे, ॲप दिसतं." ताईचे हे वाक्य काल रात्रीपासून मनातून जात नाही. तिने ते चिडून म्हटले असते तर मी तिथल्या तिथे उत्तर दिले असते. पण ती सहज बोलली आणि लगेच भाऊजींच्या गुडघ्याच्या विषयाकडे वळली, त्यामुळे माझे उत्तर माझ्यापाशीच राहिले. ते इथे उतरवून पाहावे, म्हणजे ते खरोखर उत्तर आहे की नुसता राग आहे, हे तरी कळेल.

मी तिला नेपाळबद्दल सांगत होतो. २०२५च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारने नोंदणी न केल्याच्या कारणावरून फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांच्यासह २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, ८ तारखेला काठमांडूत तरुण मुले रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांना पायउतार व्हावे लागले. त्याच दिवसांत तिथल्या हजारो लोकांनी बिटचॅट नावाचे ॲप डाउनलोड केले. ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॅक डोर्सी यांनी ते त्याच वर्षीच्या जुलैमध्ये लोकांसमोर ठेवले होते. त्याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, फोन नंबरही लागत नाही; एका फोनचे ब्लूटूथ शेजारच्या फोनला निरोप देते, तो त्याच्या शेजारच्याला देतो, आणि अशा जास्तीत जास्त सात उड्या मारत तो निरोप पुढे जातो. हे सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण अशा विषयांवर तो चढतोच. ताईने मध्येच विचारले, "किती गेले तिथे?" मी म्हणालो, पहिल्या दिवशी १९, पुढे आकडा सत्तरच्या वर गेला. मग ते वाक्य आले.

मला आकडा पाठ होता, ही गोष्ट मी कालपासून स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून मनातल्या मनात मांडतो आहे. ज्याला माणसे दिसत नाहीत त्याला मेलेल्यांचा आकडा कशाला पाठ असेल? पण ताईने विचारल्याशिवाय तो माझ्या बोलण्यात आला नव्हता, हेही तितकेच खरे, आणि तिने नेमके तेवढेच टिपले.

आमच्या घरात माझी जागा ठरलेली आहे. कोणाचा फोन अडकला, आईला पेन्शनचा हयातीचा दाखला काढायचा आहे, भाच्याच्या लॅपटॉपवर काहीतरी भलतेच उघडते आहे, की माझी आठवण होते. मात्र हीच यंत्रे बाहेरच्या जगात काय उलथापालथ करतात याबद्दल मी दोन वाक्ये बोललो की सगळे जण मुलाने नवे खेळणे दाखवावे तसे माझ्याकडे पाहतात. दुरुस्तीपुरता मी जाणकार, आणि मत मांडले की छांदिष्ट. बाबा असते तर त्यांनी निदान शेवटपर्यंत ऐकून घेतले असते. असो.

ताईला मी राईनपाड्याची आठवण करून द्यायला हवी होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या त्या गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती भटकी माणसे होती. मुले पळवणाऱ्यांच्या खोट्या निरोपांनी तेव्हा राज्यभरचे व्हॉट्सॲपचे ग्रुप भरून वाहत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या निरोपावर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवायला सुरुवात केली, आणि भारतात एक निरोप एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल जाहीर केला. त्याआधी तो एकाच दमात २५०च्या आसपास ठिकाणी पाठवता येत असे. पुढे जानेवारी २०१९मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२०मध्ये अनेक हातांतून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला.

या बदलामागे कोणतेही अवघड संशोधन नव्हते. अडीचशेच्या जागी पाच लिहिण्याची अक्कल कंपनीला कोणत्याही वर्षी सुचू शकली असती. ती माणसे मारली गेल्यावर सुचली. राईनपाड्यातले पाच जण आणि मर्यादेतला पाच हा आकडा हा नुसता योगायोग आहे, हे मला कळते, तरी दर वेळी तिथे मन अडखळते. बातमी वाचणाऱ्या बहुतेकांना तेव्हा जमाव दिसला, आणि तो दिसायलाच हवा होता. पण जमावाच्या हातातल्या यंत्रात कोणती संख्या कोणी ठरवून ठेवली होती, हे पाहण्यासाठी माझ्यासारखा, ॲप दिसणारा, माणूसही लागतो. हे उत्तर मी काल दिले असते तर बरे झाले असते.

अर्थात अफवेला ॲपची गरज नसते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला तेव्हा कोणाच्या खिशात फोन नव्हता. एसटीडी बूथ, घरातले काळे फोन आणि शेजारीण यांच्यावर ती बातमी एका दिवसात गावोगावी पोहोचली, आणि आमच्या घरी संध्याकाळचा चहा कोरा झाला. त्यामुळे सॉफ्टवेअर अफवा जन्माला घालते असे मी म्हणत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना तिला किती वेळ लागावा, आणि मध्ये कोणाला क्षणभर थांबावे लागावे की नाही, एवढे मात्र ते ठरवते. दूध पिणाऱ्या गणपतीच्या बाबतीत हा वेग निरुपद्रवी होता.

सरकारजवळ यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे सगळेच बंद करणे. ७ जून २०२३ला कोल्हापुरात काय झाले ते ताईनेच पाहिले आहे. कोणाचे तरी स्टेटस, त्यावरून बंदची हाक, दगडफेक, आणि मग इंटरनेट बंद. यासाठी २०१७चे नियम होते, आता २०२३च्या दूरसंचार कायद्याखालचे २०२४चे नियम आहेत. एका आदेशाची मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त असू नये असे बंधन आहे, आणि आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, अनिश्चित काळासाठी सेवा बंद ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितलेले आहे. तरीही मणिपूरमध्ये २०२३च्या मे महिन्यापासून ते वर्ष संपत येईपर्यंत बहुतेक काळ मोबाइलवरचे इंटरनेट बंदच होते. शिवाय असे आदेश पुष्कळदा मोबाइलच्या इंटरनेटपुरते असतात, त्यामुळे ज्याच्या घरी वायरचे कनेक्शन आहे त्याचे काम चालू राहते आणि क्यूआर कोड लावून भाजी विकणारीचे थांबते. अफवा पसरवणारा साधा फोन करतोच. या उपायाची मला चीड आहे, आणि बिटचॅटसारख्या प्रयोगांची ओढ मला त्या चिडीतूनच लागली आहे, निव्वळ खेळण्याच्या हौसेतून नव्हे. हे ताईला ठाऊक असायला हवे. तिने निदान हे तरी ओळखायला हवे होते.

पण काल रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट मनात आली आणि ती काही केल्या हलेना. ब्लूटूथचा पल्ला तोकडा. शेतात विखुरलेल्या वस्तीत असल्या ॲपचा उपयोग जवळजवळ नाही, कारण निरोपाला उडी मारायला पुढचा फोनच सापडत नाही. ते उत्तम चालते ते माणसे खेटून उभी असतील तिथे. म्हणजे मोर्च्यात. आणि आठवडी बाजारात. राईनपाड्याच्या त्या बाजारात प्रत्येकाच्या फोनवर असे ॲप असते तर काय झाले असते? 'फॉरवर्डेड' अशी खूण नाही, पाचाची मर्यादा नाही, तक्रार करायला कंपनी नाही, बंद करायला सरकारकडे बटण नाही. व्हॉट्सॲपला उशिरा का होईना ब्रेक लावता आला, कारण ते एका कंपनीच्या हातात होते. ज्या गुणासाठी मी बिटचॅटचे कौतुक करत होतो, तो हाच, की ते कोणाच्याच हातात नाही.

त्याच्या इतर उणिवा मला ठाऊक आहेत. ॲपची बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षा तपासणी झालेली नाही, अशी सूचना डोर्सी यांनी स्वतःच सुरुवातीला जोडली होती. हाँगकाँगच्या २०१९च्या आंदोलनात ब्रिजफाय हे याच जातीचे ॲप लोकांनी विश्वासाने वापरले, आणि पुढच्या वर्षी संशोधकांनी दाखवून दिले की त्यातले निरोप वाचता येतात आणि वापरणाऱ्यांचा मागही काढता येतो. हे सगळे मी ताईला सांगणारच होतो. तिथपर्यंत ती थांबली नाही, आणि गुडघा मध्ये आला.

आता इतके लिहून झाल्यावर राग बराच उतरला आहे. एक्सरे पाहणाऱ्या डॉक्टरला रुग्णाचा चेहरा दिसत नाही अशी तक्रार कोणी करत नाही, पण एक्सरे फारच सुरेख आला म्हणून त्याने टाळी वाजवली तर नातेवाइकांना ते आवडणार नाही. माझ्या आवाजात काल ती टाळी असावी. त्याला इलाज नाही. उत्साह असल्याखेरीज ही ॲपे रात्र रात्र कोण तपासत बसेल? टाळी थोडी हळू वाजवता येईल, इतकेच.

नेपाळच्या गोष्टीचा उत्तरार्ध तर सांगायचाच राहिला, आणि खरे तर तोच ताईच्या कामाचा होता. ओली गेल्यावर तिथली मुले डिस्कॉर्डवर जमली, म्हणजे खेळ खेळणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी वापरायच्या ॲपवर. लाखाहून अधिक सदस्य, तासन्‌तास चाललेल्या चर्चा, आणि पुढचा पंतप्रधान कोण असावा यावर मतदान. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे नाव तिथे पुढे आले, आणि १२ सप्टेंबरला त्या हंगामी पंतप्रधान झाल्या. नेपाळच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. मतदान करणारा नेपाळमध्ये बसला आहे की आणखी कुठे, तो मतदार आहे की शाळकरी पोर, हे तपासायची सोय नव्हती, आणि लोकशाहीच्या दृष्टीने हे मला मुळीच पसंत नाही. पण त्या गोंगाटातून एक नाव निघू शकले ते तिथे चर्चा चालवणारी माणसे होती म्हणून. कोणाला बोलू द्यायचे, कोणाचे तोंड बंद करायचे, कोणती खोटी बातमी काढून टाकायची, हे कोणीतरी बसून ठरवत होते आणि त्याबद्दल शिव्या खात होते.

हे लिहिताना ताईचा सोसायटीचा ग्रुप आठवला. कोल्हापूर बंदच्या आदल्या संध्याकाळी त्या ग्रुपवर फोटो आणि व्हिडिओ येऊ लागले, तेव्हा तिने कोणालाही न विचारता 'फक्त ॲडमिनच निरोप पाठवू शकतील' ही सेटिंग चालू केली. ही सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१८च्या जूनअखेरीपासून आहे, राईनपाड्याच्या सुमाराचीच. मी ती तिला शिकवली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी "आणीबाणी लावली का?" असे विचारायला घरी येऊन दार वाजवले, दोन कुटुंबे कित्येक दिवस जिन्यात बोलेनाशी झाली, आणि ताईने पाण्याच्या टँकरची वेळ कळवण्यापलीकडे त्या ग्रुपवर कोणालाही एक शब्द उमटू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सरकारने इंटरनेटच बंद केले, तेव्हा तिचा ग्रुप आधीच गप्प होता. सॉफ्टवेअरमध्ये सध्या काय नवे चालले आहे यावर मी इतके बोलतो, इतके वाचतो, पण जिन्यातला अबोला सोसून एक सेटिंग चालू ठेवणारी बाई माझ्या बोलण्यात कधी आली नव्हती.

म्हणून आज दुपारी मीच तिला फोन केला. कालच्या वाक्याचा विषय मी काढला नाही, आणि तिला तो आठवतही नसावा. बिटचॅटचे राहिलेले सगळे सांगितले, बाजाराची शंकाही सांगितली. तिने विचारले, "त्यात ॲडमिन कोण असतो?"

"कोणी नाही. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

"मग चुकलं तर शिव्या कोणाला घालायच्या?"

यावर मी उड्यांची संख्या सातावरून दोनावर आणण्याबद्दल काहीतरी बोललो. अनोळखी माणसाचा निरोप आपल्या फोनवरून आपोआप पुढे जाऊ नये, तो पुढे पाठवायचा की नाही हे फोनवाल्याला विचारले जावे, असेही सुचवले. तसे केले तर निरोप पुढे सरकणार कसा, हा पेच तेवढ्यात माझा मलाच दिसला. ताई म्हणाली, "मला त्यात घेऊ नकोस बाबा. एक ग्रुप सांभाळताना जीव जातोय."

दिवाळीत तिच्या फोनमधली जागा मोकळी करून देताना मी ते ॲप त्यात टाकून ठेवले आहे, हे मात्र मी बोललो नाही. तिच्या सोसायटीत आणखी कोणाकडे ते असण्याची शक्यता नाही. तेव्हा तूर्त त्या ग्रुपात ती एकटीच आहे, आणि ॲडमिनही तीच म्हणायला हरकत नाही.