आलेफ की वाव

सोमवारी पहिल्या तासाला बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा, म्हणजे निर्दोष असूनही सगळं गमावलेल्या माणसाच्या कहाणीचा, तेरावा अध्याय होता. बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा हिब्रूचा वर्ग, अकरा विद्यार्थी. पंधराव्या वचनातल्या पहिल्या चार शब्दांचं भाषांतर करून आणा, एवढंच सांगितलं होतं : हेन यिक्तेलेनी लो अयाहेल. हे वचन मी दरवर्षी मुद्दाम घेते. 1611 चं किंग जेम्स हे इंग्रजी भाषांतर आणि 1952 चं रिवाइज्ड स्टँडर्ड शेजारी उघडून ठेवलं की झोपाळू वर्गही सरसावून बसतो. एकात ईयोब म्हणतो, त्याने मला मारलं तरी मी त्याच्यावर भरवसा ठेवीन. दुसऱ्यात म्हणतो, तो मला मारणारच. मला आशा नाही.

त्या दिवशी हजेरी संपायच्या आत एक विद्यार्थी उभा राहिला. शनिवार-रविवारी तो नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत सेवेला जातो. तिथे पंधरवड्यापूर्वी डेंग्यूने गेलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा दफनविधी झाला होता. संदेश यानेच दिला. आईवडिलांनी कबरेच्या फरशीसाठी वचन मागितलं, तेव्हा त्याने हेच दिलं, भरवशाचं. आदल्या रात्री हिब्रू उघडल्यावर त्याला पानाच्या कडेची खूण दिसली होती.

"मॅडम, कारागीर आज दुपारी कोरायला घेणार आहे. मी त्यांना चुकीचं वचन दिलं का?"

उत्तर झटकन देता आलं असतं, कसंही. पण अशा वेळी झटकन दिलेलं उत्तर बहुधा समोरच्याचा चेहरा बघून दिलेलं असतं, मजकूर बघून नव्हे. म्हणून म्हटलं, बस, आधी पान वाचू.

आमच्या हिब्रू आवृत्तीचा आधार म्हणजे इ.स. 1008 च्या सुमारास लिहिलेलं लेनिनग्राड हस्तलिखित. त्यात या ठिकाणी लामेद-आलेफ अशी अक्षरं आहेत. उच्चार 'लो', अर्थ 'नाही'. शब्दावर बारीक वर्तुळ आहे आणि समासात लामेद-वाव. उच्चार पुन्हा 'लो', पण अर्थ 'त्याच्यासाठी', 'त्याची'. मजकुरातल्याला कतीव म्हणजे लिहिलेलं म्हणतात, समासातल्याला करे म्हणजे वाचायचं. मासोरा, म्हणजे मजकूर जसाच्या तसा पुढे देण्याची परंपरा, जपणाऱ्या ज्यू शास्त्र्यांनी हाती आलेलं अक्षर खोडलं नाही आणि वाचनाची परंपराही टाकली नाही. दोन्ही एकाच पानावर ठेवली. कानाला फरक कळतच नाही. कोणी सांगून दुसऱ्याने लिहिलं असेल, किंवा पाठ असलेलं उतरवलं असेल, तर ही अदलाबदल कुठल्याही दिशेने होऊ शकते.

विद्यार्थी इथे दोन चुका करतात. पहिली, समास म्हणजे शुद्धिपत्र असं समजणं. दुसरी, 'अवघड पाठ तोच मूळ' हा नियम यंत्रासारखा लावणं. म्हणून हीच जोडी असलेल्या आणखी दोन जागा काढायला लावल्या. यशया 9:3 मध्ये, म्हणजे नवव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात, कतीव घेतलं तर 'तू आनंद वाढवला नाहीस' असं होतं आणि लगेच पुढे लोक आनंद करतात. तिथे समासच बरोबर. स्तोत्र 100:3 मध्ये किंग जेम्सने कतीव घेऊन 'आम्ही स्वतःला घडवलं नाही' असं केलं, तर आजची बरीच भाषांतरं समासाकडे जाऊन 'आम्ही त्याचे आहोत' म्हणतात. प्रत्येक जागेचा निवाडा त्या त्या जागेवरच करावा लागतो.

मग क्रियापद. अयाहेल म्हणजे मी वाट पाहीन, आशा धरीन. हेच रूप ईयोबाच्याच पुस्तकात 6:11 मध्ये येतं : मी वाट पाहावी एवढी माझी ताकद ती काय? आणि 14:14 मध्येही, जिथे सुटका येईपर्यंत वाट पाहण्याची भाषा आहे. म्हणजे शब्दकोश दोन्हीकडे हात दाखवतो. आजूबाजूचा मजकूर मात्र कतीवकडे झुकतो. 7:6 मध्ये दिवस आशेविना संपतात, 14:19 मध्ये देवच माणसाची आशा नष्ट करतो. त्यात पहिला शब्द 'हेन' म्हणजे आधी 'पाहा'. 'जरी' हा अर्थ शक्य आहे, पण तो भरवशाच्या वाचनाला जास्त सोयीचा पडतो.

माझं मत मी लपवलं नाही. ईयोबाने इथे 'आशा नाही' म्हटलं असावं, असं मला वाटतं. विद्यार्थ्याने मान खाली घातली.

पण तास तिथे संपवणं हीसुद्धा चूक झाली असती. इ.स. 400 च्या सुमाराच्या जेरोमच्या लॅटिन भाषांतरात 'त्याच्यावर आशा ठेवीन' असंच आहे. त्याहून जुनी साक्ष मिश्नाची, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाची, साधारण इ.स. 200 ची. सोटा या भागात रब्बी यहोशुआ बेन हिर्कनस ईयोबाने प्रेमापोटी देवाची सेवा केली हे दाखवायला हेच वचन देतात. आणि लगेच पुढे येतं : तरीही दोन्ही पारडी सारखीच, मी त्याची वाट पाहतो, की पाहत नाही? निर्णयासाठी ते 27:5 कडे जातात, मरेपर्यंत आपला खरेपणा सोडणार नाही या वाक्याकडे. तेराव्या अध्यायातली पारडी ते सारखीच राहू देतात. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. इथून जवळ, केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं मराठी केलं. या शब्दापाशी त्यांचीही लेखणी थांबली असणार.

शेवटी वचनाचा उत्तरार्ध फळ्यावर लिहिला : तरी मी माझी वाट त्याच्या तोंडावर खरी ठरवीन. आलेफ घ्या की वाव, हा भाग बदलत नाही. आशा असो वा नसो, ईयोब देवासमोरून उठून जात नाही. सातव्या वचनात तो सांत्वनाला आलेल्या मित्रांना विचारतो, देवाची बाजू राखायला खोटं बोलाल काय? आणि 42:7 मध्ये देव त्या मित्रांवरच रागावतो.

विद्यार्थ्याने मधल्या सुट्टीत त्या मुलीच्या वडिलांना फोन लावला. मी शेजारी उभी होते. त्याने आवाज न चढवता, अडखळत दोन्ही अर्थ सांगितले आणि स्वतःला कळायला उशीर झाला हेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आईने फोन घेतला आणि दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणायला लावली.

"दोन्ही ठेवता येतील का, पाळकसाहेब?" त्या म्हणाल्या.

फरशी दोन फूट बाय दीड फुटाची. नाव आणि दोन तारखा धरून खाली एक ओळ उरत होती. दोन्ही वाक्यं मावणार नव्हती. थोड्या वेळाने वडिलांचाच फोन आला. त्यांनी कारागिराला नुसता आकडा सांगितला होता : ईयोब 13:15.

"घरी जे बायबल आहे त्यात बघतील की लोक," ते म्हणाले.

तीन वाजता कारागिराने छिन्नी लावली. आम्ही दुपारच्या तासाला सोळावं वचन घेतलं.