कॉन्व्हेंट की अंगणवाडी? तुम्ही विचारलंत म्हणून

"लेकरू अंगणवाडीत नुसतं खेळते अन् खिचडी खाते. तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकू का?" जून जवळ आला की अमरावती-यवतमाळकडचे पालक हे विचारतातच. कॉन्व्हेंटचे, म्हणजे खासगी इंग्रजी नर्सरीचे, टाय, बूट अन् दारात येणारी व्हॅन पाहून कुठे टाकायचं ते कळत नाही. लेकरासमोर कोण बसते आणि तिला त्याच्यासाठी किती वेळ उरतो, हे पाहा.

शिक्षणाचंच म्हणाल तर अंगणवाडी सेविकेच्या, म्हणजे आपल्या ताईच्या, नव्या भरतीला आता बारावीची अट आहे. जुन्या बऱ्याच ताई दहावीवर लागलेल्या. पण कॉन्व्हेंटच्या बाईंचं शिक्षण तुम्ही कधी विचारलं? टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी असते, नर्सरीसाठी नाही. प्रवेशाची फी भरण्याआधी बालशिक्षणाचा कोणता कोर्स झालाय, एवढं विचारून घ्या.

मग दोन्हीकडे सकाळी तासभर बसा. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून पाटीवर 'अ' गिरवून घेत असतील तर ते शिकवणं नव्हे. त्या वयात बऱ्याच मुलांच्या बोटांत अक्षर गिरवण्याइतकी ताकद आलेली नसते. मूल पेन्सिल मुठीत आवळते, मनगट ताठ होते आणि ती सवय पुढे मोडायला जड जाऊ शकते. आधी माती मळणं, कागद फाडणं, जाड दोऱ्यात मणी ओवणं हवं. मोजायला चिंचोके, सीताफळाच्या बिया चालतात. मात्र दोन वर्षांचं भावंड सोबत येऊन बसलं असेल तर त्याच्या हाती त्या जाऊ देऊ नका, घशात अडकतात.

गोष्ट कशी सांगतात तेही बघा. रोज नवी गोष्ट ही हौस मोठ्यांची. जाणती ताई एकच गोष्ट आठवडाभर चालवते: पहिल्या दिवशी नुसती सांगते, दुसऱ्या दिवशी चित्रं दाखवते, मग मुलांकडून वदवून घेते, शेवटी त्यांनाच वाघ-बकरी करायला लावते. धारणी-चिखलदऱ्यात ती आधी कोरकूत आणि भामरागडात माडियात, म्हणजे मुलांच्या घरच्या बोलीत, झाली पाहिजे. मराठी शब्द त्यात हळूहळू मिसळावेत. पहिल्याच दिवसापासून सगळं मराठीत चाललं तर मूल गप्प बसते आणि त्यालाच शिस्त समजलं जाते.

आता वेळ. 'पोषण भी पढाई भी' हा केंद्राचा कार्यक्रम मे 2023 मध्ये सुरू झाला. त्यात रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण अपेक्षित आहे. हे दोन तास जातात कुठे? पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर हजेरी, वजन-उंचीची नोंद, घरी न्यायच्या आहाराचं वाटप, लसीकरणाचा दिवस, गृहभेटी, वर कित्येकींकडे बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम. मेळघाटात रेंज नसली की नोंद नंतर भरायची, म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा. मदतनिसाची जागा रिकामी असेल तर खाऊ वाटणं, भांडी, झाडलोटही ताईकडेच. अशा अंगणवाडीत मुलं नुसती खेळताना दिसली तर नवल नाही. पण त्याचा दोष ताईच्या माथी मारू नका.

आणि हे सगळं मानधनावर, पगारावर नाही. 2018 मध्ये केंद्राने सेविकेचं मानधन 4,500 रुपये ठरवलं, त्यात राज्य भर घालते. 2023 मध्ये राज्यात ते 10,000 झालं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकेचं पद सरकारी नोकरीचं नाही म्हटलं, 2022 मध्ये त्याच न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर सेविकांचा संप झाला तो यातूनच. राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या ताईंना बालशिक्षणाचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा डिप्लोमा सुचवला आहे. काही दिवसांच्या प्रशिक्षणाने ती गरज भागत नाही. गोष्ट सांगताना कोणी सोबत बसून पाहावं आणि कुठे अडलं ते त्याच दिवशी सांगावं लागते. ताईंच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या मुख्यसेविकेकडे वीसेक अंगणवाड्या असतात, तिला तेवढी फुरसत कुठली?

तर गावची ताई मुलांशी बोलते, गोष्ट चालवते, दोन तास देते असं दिसलं तर लेकरू तिथंच ठेवा. रोजची व्हॅनमधली धडधडही वाचते. देत नसेल तर लगेच मूल काढू नका. आधी ग्रामसभेत दोन गोष्टी मांडा. एक, मदतनिसाची जागा रिकामी असेल तर ती भरायचा ठराव करून बालविकास प्रकल्प कार्यालयाला पाठवा. दुसरं, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातले यंदा कशावर गेले ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधीचे ग्रामसेवक) विचारा, आणि चटया, चित्रांची पुस्तकं, मणी, चिकणमाती यांची यादी ताईकडून लिहून घेऊन सोबत न्या.