शेत खाली, दलदल वर : आईसोबत विकन फेन आणि होम फेन

आईचे गुडघे आणि धाकट्याचे चार वर्षांचे पाय, दोघांना एकाच वाटेवर चालता यावं एवढीच माझी अट होती. इंग्लंडमधल्या पाऊलवाटा देखण्या असतात, पण नकाशात सोपी दिसणारी वाट मध्येच शेताच्या कुंपणाशी येते आणि पलीकडे जायला लाकडी पायऱ्यांवर चढून पाय टाकावा लागतो. त्याला इथे स्टाइल म्हणतात. एप्रिलमध्ये अशाच एका वाटेवर पहिल्या स्टाइलपासूनच आम्ही माघारी फिरलो. आई काही बोलली नाही, पण घरी येईपर्यंत गुडघा चोळत होती. म्हणून मे महिन्यात तिला विकन फेनला नेलं.

केंब्रिजहून गाडीने अर्धा-पाऊण तास. फेन म्हणजे पूर्व इंग्लंडमधला सपाट पाणथळ मुलूख. मेलेली झाडंझुडपं पाण्याखाली पुरती कुजत नाहीत, थरावर थर साठत जातात आणि त्यांची काळी, भुसभुशीत माती होते. तिला पीट म्हणतात. सतराव्या शतकापासून व्हर्मायडेनसारख्या डच इंजिनियरांना बोलावून, कालवे खणून या मुलखातलं पाणी समुद्राकडे काढलं गेलं आणि तिथे शेती उभी राहिली. जुन्या फेनचे अगदी थोडे तुकडे उरले, त्यातला हा एक. नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने १८९९ मध्ये इथली दोन एकर जागा दहा पौंडांना घेतली, तिथून या राखीव रानाची सुरुवात झाली. हे सांगितल्यावर आईने आधी एकराचा भाव काढला.

वाट फळ्यांची आहे, साधारण सव्वा किलोमीटरची गोल फेरी. चढ नाही, पायरी नाही, बाबागाडी आणि व्हीलचेअर दोन्ही आरामात जातात. सुरुवातीलाच चहाची सोय आणि स्वच्छतागृह आहे. ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात त्यांना याचं मोल कळेल.

दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर वाढलेला देवनळ. वाऱ्याने तो सळसळला की धाकटा आपोआप हळू बोलायला लागायचा. फळीच्या कडेला सेज नावाच्या गवताचे दाट गड्डे होते. लेकीने पात हातात धरून ओढली आणि लगेच बोट तोंडात घातलं. आईने वाकून तीच पात दोन बोटांत धरली, आधी बुडाकडून शेंड्याकडे हलकेच फिरवली, मग उलटी. कडेला करवतीसारखे बारीक दात. "अगं, ही तर उसाच्या पाल्यागत कापतीय," ती म्हणाली. मिरजेकडे जन्मभर उसात वावरलेल्या बाईला ही ओळख पटायला दुसरं काही लागलं नाही. मी तिला सांगितलं की या सेजने इथे घरं शाकारतात. ती वाकवली तरी तुटत नाही, म्हणून छपराच्या आढ्यावर तीच लागते. विकनमध्ये सेज कापल्याची सर्वात जुनी नोंद १४१४ ची आहे आणि अजूनही ती तीन-चार वर्षांच्या पाळीने कापतात. गावकऱ्यांना या गवताची गरज होती, हे ही जागा ओली राहण्यामागचं मोठं कारण आहे. "शाकारणी" हा शब्द किती वर्षांनी माझ्या तोंडी आला!

मग कुकू ओरडला. दोन स्वर, स्वच्छ, देवनळाच्या पलीकडून. आई थबकली. "हा आपल्या पावशाचाच कुणीतरी." खरंच एकाच कुळातले. आपला कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडी घालतो, इथला कुकू या देवनळातल्या चिमुकल्या रीड वॉर्बलर पक्ष्याच्या. निक डेव्हिस या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी हाच डाव याच ठिकाणी वर्षानुवर्षं अभ्यासला. मुलांना ही गोष्ट आजीने सांगितली, तिच्या पद्धतीने, कावळीला बोल लावत लावत. पावशाचं "पेरते व्हा" सांगताना तिचा आवाज जरा कापला. घरी पेरणीपूर्वीची कामं चालू होती आणि ती इथे होती.

वाटेत एक लाकडी पवनपंप लागतो, जुन्या धर्तीचा, चार पात्यांचा. त्याची हकिगत मला फार आवडते. तो मुळात शेजारच्या ॲडव्हेंचरर्स फेनवर होता, जमिनीतलं पाणी उपसून बाहेर टाकायला. १९५६ मध्ये तो इथे आणून उभा केला आणि काम नेमकं उलटं दिलं, फेन कोरडा पडू नये म्हणून पाणी वर चढवायचं.

आईला हे पटेना. दलदलीला पाणी द्यायचं कशाला? पाणी तर आपोआप तिथेच जमायला हवं. मी तिला कडेच्या बांधावर नेलं. एका बाजूला आम्ही चाललो ते ओलं रान, पलीकडे दूरवर काळी शेतं. तिने बराच वेळ पाहिलं. "शेत खाली आणि दलदल वर? हे कसं काय?"

याचं उत्तर मी सांगण्यापेक्षा दाखवायचं ठरवलं. परतताना कोनिक जातीची भुरकट घोडी दिसली, झुडपं माजू नयेत म्हणून चरायला सोडलेली. धाकट्याला तीच सगळ्यात आवडली. त्यांच्या जवळ जायचं नाही, खायला घालायचं नाही, एवढं मुलांना आधीच बजावून ठेवावं.

पुढच्या रविवारी होम फेनला गेलो, पीटरबरोच्या दक्षिणेला. इथे मात्र सोयी नाहीत. रस्त्याकडेला चार गाड्यांची जागा, चहा नाही, स्वच्छतागृह नाही, आणि वाटा गवताच्या. सपाट आहेत, पण पाऊस झाला असेल तर चिखल, तेव्हा बूट हवेत. रस्ताही लाटांसारखा खालीवर होतो, कारण खालची पीट सगळीकडे सारखी बसत नाही.

आत शिरलं की पांढऱ्या सालींचं रान. सखल ब्रिटनमधलं सिल्व्हर बर्चचं सर्वात मोठं रान हेच. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्याच कुळातला. ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या तो हिमालयातला, हा त्याचा इकडचा भाऊबंद. मी मुलांना झाडाची साल सोलू दिली नाही. खाली पडलेल्या एका फांदीवरची साल मात्र लेकीने उलगडली. कागदासारखी पातळ, आतून फिकट गुलाबी, वर काळ्या आडव्या रेघा, जणू कुणी ओळी आखून ठेवल्यात.

थोडं चाललं की झाडांमध्ये लोखंडी खांब दिसतो. याच्या जवळच व्हिटल्सी मेअर नावाचं प्रचंड तळं होतं. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात गाजलेल्या, ॲपोल्ड नावाच्या संशोधकाच्या वाफेवर चालणाऱ्या पंपाने ते उपसलं. पाणी गेल्यावर जमीन किती बसते ते कळावं म्हणून पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत खांब ठोकला, त्याचं टोक जमिनीशी बरोबर ठेवून. ते टोक आज जमिनीपासून सुमारे चार मीटर उंच आहे. पाणी होतं तोवर पीट टिकली. सुकली तशी ती आकसली, आणि हवा लागल्यावर कुजून हवेतच गेली. ब्रिटनमधली सर्वात सखल जागा इथेच आहे, समुद्रसपाटीपासून पावणेतीन मीटर खाली.

आई खांबाला पाठ लावून उभी राहिली. लेकीने बोटांनी मोजलं, अडीच आज्ज्या आणि वर थोडं. धाकट्याने विचारलं, "एवढी माती गेली कुठे?" आईने वर पाहिलं. "पाण्याविना उडून गेली, बाळा." मग माझ्याकडे वळून, "म्हणजे ते रान वर आलेलं नाही. शेतंच खाली गेलीत."

आता इथे ग्रेट फेन नावाचा प्रकल्प चालू आहे. होम फेन आणि जवळचा वुडवॉल्टन फेन यांच्या मधली शेतजमीन घेऊन, चर अडवून ती पुन्हा ओली करायची. आईला हे मी तीन वेळा सांगितलं. आमच्याकडे पाटाच्या पाण्याने रानं क्षारपड झाली, तिथे निचरा व्हावा म्हणून चर खणतात, नळ्या पुरतात. त्याच्या खर्चासाठी दादाने कर्ज काढलंय.

रात्री तिने दादाला फोन लावला. गुडघ्याचं विचारल्यावर म्हणाली, "गुडघा बराय. अरे, इथं चर बुजवून पाणी आडवत्यात." पलीकडून त्याला ऐकू नीट आलं नसावं. तिने खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि पहिल्यापासून, पंपापासून सांगायला सुरुवात केली.