भजनाच्या कॅसेटी आणि संगणकाचे स्पीकर : माझा अनुभव

आमचं गाव तिवसा तालुक्यातलं, गुरुकुंज मोझरी जवळच. या भागात खंजिरीशिवाय भजन नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती घराघरांत नेली आणि 1968 साली महाराज गेल्यावरही गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी ती खाली ठेवली नाही. वडिलांच्या वेळच्या मंडळाची भजनं साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली होती. त्या कॅसेटी मी संगणकात, ऑडॅसिटी नावाच्या आवाज भरायच्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेतल्या. काम वेळखाऊ, पण अवघड नाही. टेपच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या निळ्या लाइन-इनमध्ये वायर लावायची आणि कॅसेट संपेपर्यंत बसून राहायचं.

खरा प्रश्न पुढे होता. हे ऐकायचं कशावर? मॉनिटरमधल्या स्पीकरवर खंजिरीच्या चकत्यांची छनछन तेवढी यायची. थाप गायब, हार्मोनियम पातळ आणि बुवांचा भारदस्त आवाज फोनवर बोलल्यासारखा. मंडळातल्या म्हाताऱ्या मंडळींना घरी बोलावून ऐकवायचं होतं, तेव्हा चांगले स्पीकर घ्यायचेच असं ठरवलं. कापसाचे पैसे हाती आले होते, त्यातले दहा हजारांच्या आत यासाठी काढले.

अमरावतीला राजकमल चौकाच्या आसपासची दुकानं फिरलो. जिथं जावं तिथं आधी सबवूफरवालाच, म्हणजे खालच्या धडधडत्या आवाजासाठी वेगळा मोठा डबा असलेला सेट पुढे यायचा. एक दुकानदार म्हणाला, "भाऊ, चार हजार वॅटचा हाय. लावून पाहा, पूर्ण गल्ली हालते." खोक्यावरही मोठ्या अक्षरांत तोच आकडा, बाजूला बारीक अक्षरांत पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद. हा आकडा मोजायची ठरलेली, सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे कंपनी तो कितीही फुगवू शकते. मी सबवूफर उलटा करून मागची पट्टी वाचली. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 40 वॅट. जो डबा भिंतीतून चाळीस वॅट ओढतो, तो सतत चार हजार वॅट बाहेर देईल कुठून? स्पीकर घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो : खोक्याच्या दर्शनी बाजूवर जाऊ नका, मागची पट्टी वाचा आणि आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारा. दहा बाय बाराच्या खोलीत खुर्चीवर बसून ऐकायला वीस-तीस वॅट आरएमएस पुष्कळ होतात.

पेनड्राइव्ह मी सोबतच नेला होता. त्यात आमच्याच कॅसेटीतली दोन भजनं आणि आकाशवाणीसारखं स्वच्छ बोलणं असलेली एक फाइल. दुकानदार त्याची धडधडणारी गाणी लावतो, त्यावर कुठलाही सेट छानच वाटतो. ओळखीच्या माणसाचा आवाज लावला की पाच मिनिटांत खरं काय ते कळतं. मी बेसचं बटण मधोमध ठेवायला लावलं, आवाज घरच्याइतका हळू करायला लावला आणि डोळे मिटून ऐकलं. स्वस्त टू-पॉइंट-वन (दोन छोटे डबे आणि एक सबवूफर) सेटवर खंजिरी टेबलावरच्या डब्यांतून आणि बुवा टेबलाखालून गात असल्यासारखे वाटले!

त्याचं कारण सरळ आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जेवढा लहान तेवढा आवाज खालचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण 85 ते 180 हर्ट्झच्या दरम्यान असतो. अशा सेटचे वरचे डबे एवढेसे, त्यातला पडदा अडीच-तीन इंची. त्यांना एवढा खालचा आवाज झेपत नाही, म्हणून कंपनी 150-200 हर्ट्झपर्यंतचा सगळा आवाज सबवूफरकडे वळवते. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून खरा सबवूफर कोपऱ्यात ठेवला तरी चालतो. पण त्यावरचा आवाज त्याच्याकडे गेला की गळाच दोन जागी वाटला जातो. नुसती सिनेमातली धडामधुडुम ऐकायची असेल तर हे खपून जातं. भजनात, प्रवचनात, बातम्यांत नाही खपत.

आणखी एक गोष्ट. टेपरेकॉर्डरच्या अंगच्या माइकवर भरलेल्या कॅसेटीत 40-50 हर्ट्झचा आवाज मुळात फारसा उतरलेलाच नसतो. तिथं असते ती टेपच्या मोटरची घरघर आणि विजेची गुणगुण. मोठा सबवूफर घेऊन मी तीच मोठी करून ऐकली असती. म्हणून माझं मत झालं ते असं : आधी मधला आवाज स्वच्छ देणारी जोडी घ्यावी, खालचं नंतर बघावं. खालच्या-मधल्या आवाजाला चार इंची वूफर, वर बारीक आवाजाला वेगळा ट्वीटर, लाकडी डबा आणि हवेचं भोक पुढच्या बाजूला, अशी टू-पॉइंट-झिरो, म्हणजे सबवूफर नसलेली जोडी घेतली. भोक पुढे असण्याला महत्त्व आहे. आपली टेबलं भिंतीला लागून असतात. भोक मागे असलं आणि डबा भिंतीला चिकटला की आवाज गुदमरून घुमतो. या जोडीला मागे सबवूफर जोडायची सोयही आहे, हे मुद्दाम पाहून घेतलं.

घरी आणून लावली तर गुणगुण. भजन बंद, तरी हूंऽऽ चालूच. माऊस हलवला की त्यात बारीक किरकिर. दुकानात तर हे नव्हतं. मी संगणकाची पिन काढून मोबाइल लावला, आवाज एकदम शांत. म्हणजे स्पीकर ठणठणीत, दुखणं संगणकाकडून येतंय. मग अनवाणी पायानं सीपीयूच्या पत्र्याला बोट लावलं तेव्हा झिणझिण्या आल्या. खेड्यात अनेक घरांत या झिणझिण्या लोक सवयीनं सोसतात. अर्थिंग नीट नसलं की संगणकाच्या पॉवर सप्लायमधली थोडी वीज पत्र्यावर येऊन थांबते, आणि स्पीकरची वायर लागली की तिथून वाट काढते. तीच गुणगुण आपण ऐकतो. हा नुसत्या आवाजाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

गावातल्या फिटिंगवाल्याला बोलावलं. त्यानं मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला फरक पाहिला आणि मान हलवली. अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडला तर पाइपाभोवती बोट जाईल एवढी भेग. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, ढेकळं होऊन पाइपाला सोडून देते. माती आणि लोखंड यांचा संबंधच तुटला तर वीज जमिनीत जाणार कशी? नवा कोळसा आणि मीठ थरांनी भरलं, तारेचा गंजलेला नट बदलला, वरून बादल्या ओतल्या. "उन्हाळाभर इथं पाणी टाकत जा, भाऊ," तो म्हणाला, "नाही तं पुन्हा मलेच बोलावसान." त्या संध्याकाळी स्पीकर लावले तेव्हा दोन भजनांच्या मधली शांतता पहिल्यांदा ऐकू आली. माऊसची किरकिर थोडी उरली होती, ती बाहेरून लावायच्या छोट्या यूएसबी साउंड कार्डानं गेली.

राहिली खोली. वर टिनं, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. फोनवर हर्ट्झचा आवाज काढणारं ॲप मिळतं. त्यातून 40 पासून हळूहळू 200 पर्यंत चढत गेलो. एका जागी मांडणीवरचे स्टीलचे ग्लास किणकिणायला लागले, थोडं पुढे गेल्यावर टिनाचा एक हूक थरथरला. हुकाखाली रबराचा वायसर घातला, ग्लासांखाली फडकं अंथरलं. दोन्ही डबे भिंतीपासून वीतभर पुढे घेतले, ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा म्हणून खाली विटा दिल्या, आणि दोन डब्यांत जेवढं अंतर तेवढंच खुर्चीचं ठेवलं. मागच्या भिंतीला घरच्या कापसाची गादी उभी केल्यावर बोलण्यातला घुमारा बराच उतरला. खालच्या ठेक्यावर मात्र गादीचा परिणाम होत नाही. एवढ्या लांब लाटांना गादीची जाडी पुरत नाही.

मंडळातले आजोबा लोक आले. एकानं पहिल्या कडव्यातच हात वर केला. "थांब जरा. मागं टाळ कोण धरून राहिला?" कॅसेट मागे घेतली. मी इतक्यांदा ऐकूनही तो टाळ वेगळा असा कधी कानावर आला नव्हता. त्यांनी धरणाऱ्याचं नाव सांगितलं, मी ते फाइलीत लिहून ठेवलं. त्यानंतर प्रत्येक कॅसेट आम्ही तशीच थांबत थांबत ऐकतोय आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची यादी वाढतेय.

पुतण्या मात्र नाराज आहे. "काका, बेस नाही तं पिक्चर कायले पाहायचा?" त्याचंही चुकत नाही, सिनेमासाठी खालचा आवाज हवाच. पण या खोलीच्या लांबी-रुंदीमुळे 47 आणि 56 हर्ट्झच्या आसपास आवाज आपसूक फुगतो, त्यात वर टिनं. दिवाळीनंतर स्लॅब टाकायचा आहे. तो पडला की आठ इंची सबवूफर आणू, त्याला 80 हर्ट्झच्या खालचंच काम देऊ, आणि तो खुर्चीवर ठेवून भिंतीकडेनं वाकून ऐकत फिरू. जिथं ठेका नेमका आणि सुटा ऐकू येईल, तिथंच त्याची जागा. कोपरा रिकामा आहे म्हणून तिथं ठेवायचा नाही, हे पुतण्याकडून आधीच कबूल करून घेतलंय.